कॅनिस्टरच्या व्हेंटसाठी फिल्टरचा संच: ॲरिझोनाच्या फुफाट्यात दीड वर्ष

गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी माझ्या पेट्रोल पिकअप ट्रकला कॅनिस्टरच्या व्हेंटसाठी मिळणारा फिल्टर आणि नळी यांचा संच बसवला. कॅनिस्टर म्हणजे टाकीतली पेट्रोलची वाफ अडवणारा कोळशाचा डबा, आणि व्हेंट म्हणजे त्याचे हवा आत-बाहेर जाण्याचे तोंड. आता अठरा महिने आणि साधारण एकवीस हजार मैल झाल्यावर त्याबद्दल लिहीत आहे. संचाची किंमत ६८ डॉलर होती, आणि तो घेण्याआधी व्हेंटमध्ये धूळ बसण्याच्या दुखण्यापायी गॅरेजमध्ये नऊशेच्या आसपास डॉलर गेले होते. पैशांचा विचार केला तर निकाल इथेच लागतो. परंतु हा संच पाकिटावरच्या चित्रात दाखवला आहे तसाच बसवणाऱ्याची निराशा होण्याची शक्यता बरीच आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहावेसे वाटले. उत्पादकाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण हीच काळी पेटी आणि हीच नळी तीन-चार निरनिराळ्या नावांनी विकली जाते. त्यांच्यात माझ्या पाहण्यात आलेला फरक फक्त खोक्याच्या रंगाचा आहे.

इकडे ‘ट्रक’ म्हणजे मागे उघडा हौदा असलेली पिकअप. महाराष्ट्रात ट्रक म्हटले की डिझेल आलेच, आणि डिझेलची वाफ इतकी कमी होते की त्या गाड्यांना ही सगळी व्यवस्था लावण्याचे कारणच पडत नाही. त्यामुळे गावाकडच्या एखाद्या ट्रकमालकाला हा लेख परग्रहावरचा वाटेल, हे मला कबूल आहे. माझे काम फिनिक्सच्या पश्चिमेला, गिला बेंड आणि टोनोपा या भागांत, सौर प्रकल्पांच्या जागांची मोजणी करण्याचे आहे. रोज पंचवीस-तीस मैल कच्च्या रस्त्याने जावे लागते. तो रस्ता पन्हळी पत्र्यासारखा उठलेला असतो आणि त्यावर ‘कलीची’ नावाची चुनखडीयुक्त, पांढरट माती पिठीसारखी पसरलेली असते. माझे बालपण माण तालुक्यात गेले आहे, तेव्हा फुफाटा मला नवा नाही. तरीसुद्धा ही माती जितकी बारीक आहे तितकी मी तिथे उन्हाळ्यातही पाहिली नव्हती. बोटांत चोळली तर टाल्कम पावडरसारखी लागते.

संच कशासाठी आहे हे समजण्यासाठी टाकीपासून सुरुवात करावी लागेल. पेट्रोलची टाकी दिवसा तापते तेव्हा आतली हवा आणि वाफ फुगते, आणि रात्री थंड झाली की ती आकसते व बाहेरची हवा आत ओढते. ही वाफ सरळ हवेत सोडली तर तिच्यातील हायड्रोकार्बन आणि वाहनांच्या धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यापासून उन्हात धुरके तयार होते, हे कॅलिफोर्नियात आरी हाखेन-स्मित या रसायनशास्त्रज्ञाने १९५०च्या सुमारास दाखवून दिले होते. त्या राज्याने १९७०च्या गाड्यांपासून, आणि पाठोपाठ १९७१पासून साऱ्या देशाने, वाफ अडवण्याची सक्ती केली. तेव्हापासून टाकीची वाफ एका डब्यात जाते, ज्यात सक्रिय कोळशाचे दाणे भरलेले असतात. अशा कोळशाच्या एका ग्रॅमचा अंतर्गत पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या घरात असतो, आणि वाफ त्याला चिकटून राहते. हाच कॅनिस्टर. इंजिन चालू असताना गाडीचा संगणक कॅनिस्टर आणि इंजिन यांच्यामधला पर्ज व्हॉल्व्ह उघडतो, इंजिनातला निर्वात बाहेरची स्वच्छ हवा कोळशातून ओढून घेतो, आणि कोळशाला चिकटलेली वाफ इंजिनात जाऊन जळते.

धुळीच्या बाबतीत वरच्या परिच्छेदातले ‘बाहेरची स्वच्छ हवा’ हे तीन शब्द महत्त्वाचे आहेत. ही हवा जिथून आत येते तो व्हेंट व्हॉल्व्ह पुष्कळ पिकअप ट्रकांमध्ये कॅनिस्टरला लागूनच, म्हणजे चेसिसच्या दांड्यावर, टाकीच्या मागे आणि मागच्या चाकाच्या आसपास असतो. कच्च्या रस्त्यावर ट्रकचा सर्वांत धुळकट कोपरा दाखवा असे कोणाला सांगितले तर तो नेमके तिथेच बोट ठेवील. व्हॉल्व्हच्या तोंडाशी कारखान्यातून एक लहानशी जाळी किंवा स्पंजाचा तुकडा दिलेला असतो. शहरातील डांबरी रस्त्यांवर तेवढे पुरते. हा व्हॉल्व्ह एरवी उघडा असतो. संगणकाला गळतीची तपासणी करायची असली की तो व्हेंट बंद करतो, सगळी व्यवस्था सीलबंद करून आत किंचित निर्वात निर्माण करतो आणि तो टिकतो का ते टाकीवरच्या दाबमापकाने पाहतो. १९९६पासूनच्या गाड्यांना एक मिलिमीटर व्यासाच्या छिद्राएवढी गळती ओळखता आली पाहिजे असा नियम होता आणि २०००पासून क्रमाक्रमाने तो अर्ध्या मिलिमीटरपर्यंत आला. एवढ्या काटेकोर तपासणीत व्हॉल्व्हच्या रबरी ओठाखाली धुळीचे चार कण जरी बसले, तरी संगणकाच्या लेखी ती गळतीच ठरते.

माझ्या ट्रकच्या बाबतीत हेच झाले, पण ते कळायला पाच महिने लागले. प्रथम ‘चेक इंजिन’चा दिवा लागला, आणि गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी ०४५५, म्हणजे मोठी गळती, असा कोड आला. मी पेट्रोलच्या टाकीचे झाकण बदलले, कारण जो तो तेच सांगतो. तीन आठवड्यांनी दिवा पुन्हा लागला. ज्या गॅरेजमध्ये नेला तिथे पर्ज व्हॉल्व्ह बदलला, त्यानंतर दोन महिन्यांनी कॅनिस्टर बदलण्याचा सल्ला मिळाला. तो अमलात आणण्यापूर्वी मी दुसऱ्या एका मेकॅनिककडे धुराची तपासणी करून घेतली. या तपासणीत वाफेच्या नळ्यांमध्ये अगदी कमी दाबाने, साधारण अर्ध्या पीएसआयने, पांढरा धूर सोडतात आणि तो कुठून बाहेर पडतो ते टॉर्च घेऊन शोधतात. व्हेंट व्हॉल्व्हला बॅटरीचा प्रवाह देऊन बंद केलेले असतानाही धूर त्याच्याच तोंडातून संथपणे, उदबत्तीसारखा येत होता. कॅनिस्टर पूर्णपणे ठीक होता.

काढलेला व्हॉल्व्ह मी घरी आणला आणि करवतीने कापून उघडला. आतल्या रबरी चकतीच्या कडेला राखाडी धुळीचे एक बारीक, सलग वर्तुळ बसले होते. नखाने खरवडले तर ते पापुद्र्यासारखे सुटून आले. व्हॉल्व्हच्या आतल्या दांड्याभोवतीच्या जागेतही माती होती. नव्या व्हॉल्व्हला बारा व्होल्टचा प्रवाह दिला तर ‘टक्’ असा कोरडा आवाज येतो. जुन्याचा आवाज तो कापण्यापूर्वी ऐकून ठेवला होता: ओल्या लाकडावर बोट आपटावे तसा. या व्यवस्थेत काय बिघडले हे मला कोडवरून जितके कळले नव्हते तितके त्या आवाजावरून कळले.

नवा व्हॉल्व्ह बसवल्यावर त्याला वाचवायचे कसे हा प्रश्न आला, आणि मी पहिली चूक केली. वाहनांच्या सुट्या भागांच्या दुकानात इंजिनच्या क्रँककेसला लावायचा एक शंकूच्या आकाराचा छोटा फिल्टर मिळतो, चकचकीत क्रोमचे टोपण असलेला. तो बारा डॉलरला आणून मी व्हेंटच्या तोंडावर बसवला. त्याच्या कापडाला तेल लावलेले असते. तेलाने धूळ पकडली, धुळीने तेल शोषले, आणि दोन महिन्यांत त्याचे मातीचे लिंपण झाले. मग पेट्रोल भरताना पंपाचे नोझल दर दोन-तीन लिटरला ‘खट्’ करून बंद पडू लागले. आगीतून निघून फुफाट्यात पडणे या म्हणीचा इतका शब्दशः अनुभव मला पूर्वी आला नव्हता.

नोझल का बंद पडते याचा हिशेब सोपा आहे आणि कोणताही फिल्टर विकत घेण्यापूर्वी तो करून पाहण्यासारखा आहे. १९९८पासून अमेरिकेतील गाड्यांमध्ये टप्प्याटप्प्याने अशी सोय आली की पेट्रोल भरताना टाकीतून बाहेर ढकलली जाणारी वाफसुद्धा भरण्याच्या तोंडातून न जाता कॅनिस्टरमधूनच जाते. पंपाला मिनिटाला जास्तीत जास्त १० गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लिटर, एवढ्याच वेगाने पेट्रोल सोडण्याची परवानगी आहे. जितके पेट्रोल आत येईल जवळपास तितकीच हवा बाहेर गेली पाहिजे, आणि ती सगळी कोळशातून गाळली जाऊन व्हेंटच्या तोंडातून जाते. म्हणजे व्हेंटवर लावलेल्या कोणत्याही फिल्टरमधून मिनिटाला ३८ लिटर हवा जवळपास विनाअडथळा गेली पाहिजे, तीही वाहनाचे इंजिन बंद असताना, केवळ आत येणाऱ्या पेट्रोलच्या रेट्याने. गवत कापण्याच्या यंत्राचा पारदर्शक इंधन फिल्टर व्हेंटला लावण्याचा सल्ला देणारे अनेक जण भेटतात. तो फिल्टर लहान इंजिनाला लागणारे थोडेसे पेट्रोल गाळण्यासाठी केलेला असतो, हे त्यांनी लक्षात घेतलेले नसते.

व्हेंट बुजणे हा केवळ गैरसोयीचा विषय नाही, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. २०११मध्ये माझदाने उत्तर अमेरिकेत सुमारे ६५,००० ‘माझदा ६’ मोटारी परत बोलावल्या, कारण पिवळसर रंगाचे एक जातीचे कोळी पेट्रोलच्या वासाने आकर्षित होऊन व्हेंटच्या नळीत जाळी विणत होते. नळी बुजली की पर्ज चालू असताना टाकीत निर्वात वाढत जातो आणि टाकीला तडा जाऊ शकतो. कंपनीने नळीत कोळी शिरू नये म्हणून स्प्रिंग बसवली. २०१४मध्ये पुन्हा सुमारे ४२,००० गाड्या बोलवाव्या लागल्या, आणि त्या वेळी संगणकाचा कार्यक्रम बदलून टाकीतला निर्वात मर्यादेबाहेर जाणार नाही अशी तजवीज केली. जे काम कोळ्याचे जाळे करते ते मातीने भरलेला फिल्टरही करू शकतो. म्हणून फिल्टर लावून निर्धास्त होणाऱ्यापेक्षा फिल्टर न लावणारा एक परी बरा, असे माझे मत झाले आहे.

आता संचाकडे वळतो. खोक्यात जेवणाच्या लहान डब्याएवढी काळ्या प्लॅस्टिकची एक पेटी असते. तिच्यात बाहेरच्या बाजूला धुता येणारा जाड छिद्रांचा स्पंज आणि आत घड्या घातलेल्या कृत्रिम कापडाचा फिल्टर अशी दोन पदरी रचना आहे. घड्या उलगडून मोजल्या तर कापडाचे क्षेत्रफळ वहीच्या दोन पानांएवढे भरते; हवेला मोकळी वाट देण्याच्या दृष्टीने या संचातला हा सर्वांत चांगला विचार आहे. पेटीचे तोंड खालच्या बाजूला आहे, आणि तळाशी पाणी निघून जावे म्हणून रबराची चोचीसारखी दोन छोटी तोंडे आहेत. याशिवाय ५/८ इंच आतील व्यासाची, पेट्रोलच्या वाफेला टिकणारी चार फूट नळी, एक कोपऱ्याचा जोड, चार क्लॅम्प, एक पत्र्याची पट्टी आणि एक सूचनापत्र. नळीवर वाफेच्या वापरासाठी असल्याचा छाप आहे, हे मी मुद्दाम पाहिले. पाण्याची साधी नळी या कामाला चालत नाही, ती वर्षभरात कडक होऊन चिरते.

सूचनापत्राप्रमाणे पेटी चेसिसच्या दांड्यावरच, कॅनिस्टरपासून हातभर अंतरावर बसवायची. हे वाचून मी थबकलो. धुळीच्या ज्या ढगातून व्हॉल्व्हला बाहेर काढायचे, त्याच ढगात फिल्टर ठेवायचा असा त्याचा अर्थ झाला. आमच्या शेतावर ट्रॅक्टर होता त्याच्या बॉनेटवर हवेची नळी पुरुषभर उंच उभी असे आणि तिच्या टोकाला काचेची वाटी लावलेली असे. वडील दर शनिवारी वाटी काढून तीत साठलेली माती बांधावर उपडी करत. लहानपणी मी एकदा विचारले, “बाबा, ही नळी एवढी उंच कशाला?” तेव्हा ते म्हणाले, “खाली चाकाचं राज्य आहे रे, वर जरा बरी हवा मिळते तिला.” ट्रॅक्टर बनवणाऱ्यांना जे पूर्वीपासून माहीत आहे ते या पेटीचे सूचनापत्र लिहिणाऱ्याला माहीत नसावे याचे मला नवल वाटले.

मी पेटी दांड्यावर न लावता हौद्याच्या पुढच्या भिंतीच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे केबिन आणि हौदा यांच्यामधल्या फटीत, खिडकीच्या खालच्या कडेच्या उंचीवर लावली. त्यासाठी चार फूट नळी पुरली नाही. त्याच प्रतीची आणखी तीन फूट नळी आणि एक जोड विकत घ्यावा लागला. ज्यांच्या ट्रकमध्ये या फटीत जागा नसेल त्यांना मागच्या दिव्याच्या पोकळीत किंवा पेट्रोल भरण्याच्या तोंडाभोवतीच्या कप्प्यात ती नेता येईल, आणि काही वाहनांमध्ये उत्पादकच व्हेंटची नळी त्या कप्प्यापर्यंत आणतात. केबिनच्या आत मात्र ती कधीही आणू नये, आणि एक्झॉस्टच्या जवळूनही नेऊ नये, कारण कोळसा वाफेने भरलेला असेल तर पेट्रोल भरताना याच तोंडातून वाफ बाहेर येऊ शकते. बसवायला मला एक शनिवार लागला. त्यातील निम्मा वेळ मागचे सुटे चाक काढणे, गंजलेला एक बोल्ट सोडवणे आणि कॅनिस्टरवरची माती ब्रशने झाडणे यांत गेला. ही माती आधी झाडणे आवश्यक आहे, कारण व्हॉल्व्हची नळी काढल्याबरोबर वर साठलेली भुकटी सरळ उघड्या तोंडात पडते. हवेचा कॉम्प्रेसर तिथे वापरू नये. त्या दाबाने कॅनिस्टर आणि दाबमापक दोन्ही खराब होऊ शकतात.

फिल्टर किती भरला आहे हे बाहेरून पाहून कळत नाही. मी त्यासाठी वीस-पंचवीस डॉलरला मिळणारा साधा स्कॅनर वापरतो. बहुतेक गाड्यांत टाकीतला दाब त्यावर पाण्याच्या इंचांमध्ये, म्हणजे दाबाच्या एका लहान एककात, दिसतो; उणे आकडा म्हणजे निर्वात. इंजिन तापल्यावर उभ्या गाडीत पर्ज चालू असताना हा आकडा पाहायचा. फिल्टर न लावता माझ्या ट्रकमध्ये तो उणे ०.३ इंच होता, नवा फिल्टर लावल्यावर उणे ०.४. चार हजार मैलांनी तो उणे १.१ झाला, सात हजारांना उणे २.६, आणि त्याच सुमारास पंपावर नोझलने पहिल्यांदा कुरकुर केली. सूचनापत्रात फिल्टर पंधरा हजार मैलांनी बदला असे लिहिले आहे. ज्याने हे लिहिले त्याने ट्रक महामार्गावर चालवला असणार. आता मी साडेतीन हजार मैलांना, म्हणजे दर तीन महिन्यांनी, पेटी उघडतो, स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवतो, आतला घड्यांचा फिल्टर हलक्या हाताने आपटून झटकतो आणि दर दुसऱ्या खेपेला बदलतो. असे केल्यापासून आकडा उणे १च्या पुढे गेलेला नाही.

पेटी वर नेल्याचा उपयोग झाला का, हे पाहण्यासाठी मी तीन महिने ती सूचनापत्रात दाखवलेल्या जागी लावून पाहिली. तेच रस्ते, तेवढेच मैल. खालच्या जागेत स्पंजातून जवळपास तीन चहाचे चमचे माती निघाली, वरच्या जागेत अर्धा चमचाही नव्हती. शास्त्रीय प्रयोग म्हणून हे फारसे टिकणार नाही, परंतु माझी खात्री पटायला पुरेसे होते. इकडे लोकांच्या मनात धूळ म्हटली की पावसाळ्यापूर्वीची वादळे येतात. ५ जुलै २०११ रोजी फिनिक्सवर चालून आलेली धुळीची भिंत साधारण मैलभर उंच होती, आणि अशा वादळांना इथेही ‘हबूब’ या अरबी नावानेच ओळखतात. गेल्या उन्हाळ्यात अशाच एका मध्यम वादळात ट्रक रस्त्याच्या कडेला दिवे बंद करून तासभर उभा होता. दुसऱ्या दिवशी पेटी उघडली तेव्हा स्पंज नेहमीसारखाच होता. व्हेंटचे खरे वैरी मागचे टायर आणि आपल्यापुढे चालणारा दुसरा ट्रक.

पावसाळ्याने मात्र एकदा धडा दिला, आणि त्यात चूक माझीच होती. वाढवलेली नळी मी दांड्याला बांधताना एका ठिकाणी तिला झोळ पडू दिला. ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी दिवसभर तापलेला ट्रक घेऊन मी पाण्याने भरलेला एक उथळ ओढा ओलांडला. टाकी एकदम थंड झाल्यामुळे तिने हवा ओढली, पेटीच्या तोंडाशी उडालेले पाणी त्याबरोबर नळीत आले आणि झोळात जाऊन बसले. नळाखालच्या वळणात पाणी अडून राहते तसेच. दोन दिवसांनी पी ०४४६, म्हणजे व्हेंटच्या नियंत्रणातला दोष, हा कोड आला. नळी सोडवली तेव्हा अर्धा कप गढूळ पाणी निघाले. कॅनिस्टरपर्यंत ते पोहोचले नाही हे नशीब, कारण भिजलेला कोळसा निकामी होतो. त्यानंतर नळी कॅनिस्टरपासून पेटीपर्यंत सतत चढती राहील अशी दर नऊ इंचांवर बांधली. सूचनापत्रात झोळाबद्दल एक अक्षर नाही, आणि या संचाविषयीची माझी सर्वांत मोठी तक्रार तीच आहे. दुसरी तक्रार क्लॅम्पची: चारपैकी दोन वर्षाच्या आत गंजले, म्हणून स्टेनलेसचे वेगळे घेतले. पत्र्याची पट्टी पन्हळी रस्त्याच्या हादऱ्यांनी भोकापाशी तडकली. तिच्याखाली रबराची चकती घातल्यावर दुसरी पट्टी टिकली आहे.

कायद्याविषयी थोडे. प्रदूषण नियंत्रणाचे भाग काढून टाकणे किंवा निकामी करणे अमेरिकेच्या संघराज्य कायद्याने निषिद्ध आहे. व्हॉल्व्ह त्रास देतो म्हणून तो काढून नळी उघडी सोडणे, किंवा संगणकाला फसवण्यासाठी त्याच्या जागी रेझिस्टर लावणे, हे दोन्ही प्रकार सर्रास सुचवले जातात आणि दोन्ही बेकायदेशीर आहेत. या संचात मूळ व्हॉल्व्ह, कॅनिस्टर आणि तारा जिथल्या तिथे राहतात आणि हवा फक्त दुसऱ्या जागेवरून येते. फिनिक्स परिसरात बहुतेक गाड्यांची दर दोन वर्षांनी प्रदूषण तपासणी होते, आणि १९९६नंतरच्या गाड्यांच्या बाबतीत ती संगणकाला तार जोडून करतात. ‘चेक इंजिन’चा दिवा लागलेला असेल तर गाडी नापास होते. संच लावून माझा ट्रक मार्चमध्ये पास झाला. तपासणीच्या आदल्या दिवशी कोड पुसून जाण्याचा मोह टाळावा. वाफेच्या गळतीची स्वयंतपासणी सकाळी इंजिन आणि हवा दोन्ही थंड असताना आणि टाकी साधारण १५ ते ८५ टक्के भरलेली असतानाच होते, म्हणून कोड पुसल्यावर ती पुरी व्हायला कधीकधी आठवडा लागतो. माझा ट्रक जुलैमध्ये ही तपासणी कित्येक दिवस करतच नाही, इतकी इथली पहाटही तापलेली असते. उन्हाळ्यात बसलेली धूळ त्यामुळे ऑक्टोबरमध्ये दिवा लावते, आणि मालक बिचारा ऑक्टोबरमध्ये काय बिघडले याचा शोध घेत बसतो. हमीचा या कामी फारसा उपयोग नाही: संघराज्याच्या नियमाप्रमाणे प्रदूषण नियंत्रणाच्या सर्वसाधारण भागांना दोन वर्षे किंवा २४,००० मैल एवढेच संरक्षण आहे, आणि आठ वर्षांची हमी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, संगणक अशा मोजक्या भागांपुरती आहे.

रोज डांबरी रस्त्याने कामावर जाणाऱ्याने हा संच घेण्याची काहीही गरज नाही. त्याने फक्त नोझल एकदा बंद पडल्यावर आणखी चार थेंब कोंबण्याची सवय सोडावी, कारण त्यामुळे द्रवरूप पेट्रोल कॅनिस्टरमध्ये जाते आणि धुळीपेक्षा लवकर कोळसा संपवते. खाणी, शेते, बांधकामे किंवा तेलविहिरींच्या रस्त्यांवर पेट्रोल पिकअप चालवणाऱ्याने मात्र व्हेंटचा व्हॉल्व्ह पहिल्यांदा बिघडण्याची वाट न पाहता हा संच लावावा, पण पेटी जितकी उंच नेता येईल तितकी न्यावी. भारतात असणाऱ्यांसाठी एक पुस्ती जोडतो. तिथेही पेट्रोल मोटारींना आणि बीएस-चारच्या नियमांपासून, म्हणजे २०१७पासून, दुचाकींनाही वाफेचे नियम लागू आहेत. पुष्कळ स्कूटरींच्या पोटात असा एक छोटा डबा असतो. धुळीच्या गावात स्कूटर चालवणाऱ्याने सर्व्हिसिंगच्या वेळी त्या डब्याची हवेकडची नळी मातीने बुजलेली नाही ना, एवढे मेकॅनिकला पाहायला सांगावे.

मी वापरतो तो संच पाचपैकी साडेतीन गुणांचा आहे. पेटी आणि तिच्यातील कापडाचे क्षेत्रफळ यांना पूर्ण गुण. सूचनापत्राचा एक आणि क्लॅम्प व पट्टीचा अर्धा गुण मी कापला. घड्यांचा सुटा फिल्टर १४ डॉलरला आणि स्पंज ६ डॉलरला मिळतो. स्पंज मात्र दोन घेऊन ठेवावेत, म्हणजे एक दोरीवर वाळत असताना दुसरा बसवून कामावर जाता येते.